एक ते चार

१९९९ साली पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात उद्योजकता मंडळ निघालं. पाहुणे आले, नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या द्या, असं सांगून गेले. मुलींच्या हॉस्टेलचं फाटक मात्र संध्याकाळी सातला बंद व्हायचं. उद्योग काय करायचा तो सातच्या आत करा, एवढंच सांगायचं पाहुण्यांकडून राहून गेलं.

दीपाली ओव्हाळ माझी रूममेट. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हरची तिला लहानपणापासून सवय. कॉम्प्युटर दुरुस्तीचा स्वतःचा धंदा काढायचा, हे तिचं पहिल्याच वर्षी ठरलेलं. पण पेठेतले दुकानदार म्हणायचे, "रात्री दुकान बंद झाल्यावर या." रात्री आम्ही कुलपात.

ती रेक्टर आनंदीबाईंकडे गेली. "बाई, मला नऊपर्यंत परवानगी द्या."

"मुलींची जबाबदारी आमच्यावर असते."

"आणि मुलांची?"

"मुलांना काय होणार आहे?"

खरंच, मुलांना काहीही होत नव्हतं. वर्गातली मुलं रात्री अकरापर्यंत गिऱ्हाइकांकडे बसून असायची.

वर्गातला समर्थ लगेच मदतीला धावला. "तू रूमवर बसून रिपेअर कर, कस्टमर मी हँडल करतो. कार्डवर माझं नाव टाकू. मुलीच्या हातात मशीन कोण देणार, यार?" दीपालीनं त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. मला तर त्या चहाचाही राग आला.

एकदा शनिवार पेठेत जर्नलचे कागद घ्यायला गेलो आणि एक वाजला. ओळीनं शटरं खाली आली. मी पेठेच्या झोपेला शिव्या घालत होते. दीपाली त्या बंद शटरांकडे बघत उभी राहिली. आमचं कॉलेज साडेबारालाच सुटायचं.

दुसऱ्या दिवशी ती स्टेशनरीवाल्या आप्पासाहेबांसमोर उभी. त्यांचं बिलांचं मशीन सारखं बंद पडत होतं.

"दुपारी एकला दुरुस्तीला येते."

"एक ते चार दुकान बंद असतं. पाटी वाचता येते ना?"

"येते, म्हणून तर आले. दुकान चालू असताना मशीन उघडलं, तर बिलं कशावर करणार?"

"बरोबर कुणी पुरुषमाणूस?"

"तुम्ही आहात की."

"मी झोपतो."

"झोपा. मला मदत लागत नाही."

लक्ष ठेवतो म्हणून आप्पासाहेब दारात खुर्ची टाकून बसले आणि लगेच घोरू लागले. चारला उठले तेव्हा मशीन चालू होतं. "बरं आहे," म्हणाले. शनिवारात याहून जास्त कौतुक होत नाही. मग शेजारच्यानं बोलावलं, मग समोरच्यानं. दोन हजार साल उजाडताच सगळी मशीनं बंद पडणार, अशी तेव्हा हवा होती. दिवाळीपर्यंत अर्ध्या पेठेची दुपार दीपालीच्या ताब्यात गेली.

डिसेंबरात एका संध्याकाळी हॉस्टेलच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बसला. सकाळी विद्यापीठाची तपासणी होती. आनंदीबाईंनी समर्थला बोलावलं. तो फाटकाशी आला, पण सातनंतर पुरुषांना आत प्रवेश नाही, हा नियमही बाईंचाच. वॉचमननं तो चोख पाळला. शेवटी बाई आमच्या दारात आल्या.

"दीपाली, जरा बघतेस का?"

"सातनंतर मी काम करत नाही, बाई. उद्या एकला येते."

"अगं, तपासणी सकाळी आहे."

"मग फाटक नऊला करा. आत्ता येते."

आता दोघींचं सामान रस्त्यावर, असं मला वाटलं. तरी टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

"तुझ्यापुरतं बघू," बाई म्हणाल्या.

"सगळ्यांसाठी."

बाई जिना उतरून गेल्या. दीपाली कॉटवर बसून राहिली. थोड्या वेळानं खालून आनंदीबाईंचा आवाज आला, वॉचमनला सांगत होत्या, "उद्यापासून कुलूप नऊला."

मग दीपालीनं चपला घातल्या.