साडूभाऊंनी रोखून धरलेलं पॅकेज

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की साखरखेर्ड्याच्या माझ्या साडूभाऊंच्या कॉम्प्युटरने आजवर परक्याच्या हातचा घास खाल्लेला नाही. बाकीचं जग तयार प्रोग्राम आणतं, बसवतं आणि कामाला लागतं. आमचे साडूभाऊ लिनक्सवाले, आणि लिनक्सवाल्यांतही कडक पथ्याचे. प्रत्येक प्रोग्रामचा मूळ सोर्स कोड आणायचा आणि आपल्याच मशीनवर, आपल्या मशीनला मानवेल असा, कंपाईल करून घडवायचा. म्हणजे पोळी खायची तर आधी गहू निवडायला बसायचं. "तयार माल घेतला तं त्याच्यात कोनं काय घातलं हे तुमाले कसं कळन, साडूभाऊ?" असं ते मला विचारत. माझं सगळं लक्ष मेहुणीने पुढे ठेवलेल्या चिवड्याकडे असे.

त्यांचं दुकान झेरॉक्सचं, लग्नपत्रिकांचं आणि ऑनलाइन अर्जांचं. पण गिऱ्हाईक आलं की मशीन हमखास स्वतःच्याच कामात. ब्राउझर सकाळी घडवायला घेतला की दिवेलागणीला तयार होई, तोही मधे वीज गेली नाही तर. आणि वीज जाईच. मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा एक वरबाप पत्रिकेचा नमुना पाहायला आला. साडूभाऊ म्हणाले, "बसा जरा, अक्षरांची लायब्ररी घडून राह्यली." वरबाप शांतपणे म्हणाला, "आमचं लग्न याच सालचं हाय बुवा." गावातलं नेट रांगतं, म्हणून सोर्सच्या फायली आणायला ते हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने जालन्याला मित्राकडे जात. कंडक्टरने विचारलं, "काय हाय त्याच्यात?" साडूभाऊ म्हणाले, "गावात न भेटनारा माल." कंडक्टरने टॉवेलाचा वास घेऊन पाहिला. एवढ्या कष्टाने आणलेली फाईल ते कधीच पुसत नसत. नवी आवृत्ती आली तरी जुनी तिथेच. डिस्क भरली की दुसरी डिस्क. "जुनी फाईल उद्या नेटवरून उडाली तं कोनाच्या तोंडाकडे पाह्याचं?"

या सगळ्यावर माझ्या मेहुणीचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मत ठरलेलं होतं. "यायचं मशीन म्हंजे बारमाही बांधकाम. घरभरणी काही होत नाही." पण स्वयंपाक आवरला की ती दुकानात येऊन काउंटरच्या कॉम्प्युटरपुढे बसायची. आत कंपाईल चालू असताना त्यावर धड चालेल असा एकच प्रोग्राम होता, पत्त्यांचा. एकट्याने खेळायचा डाव. सगळी पानं तोंड वर करून मांडलेली, बाजूला पानं तात्पुरती ठेवायला चार रिकाम्या जागा. साडूभाऊंनी तो खास तिच्यासाठी मोठ्या पानांचा घडवला होता. त्यांना स्वतःला पत्त्यांत बदाम आणि चौकट यापलीकडे काही कळत नाही. पण ते शेजारी बसून मोठ्या कौतुकाने सांगत, "हिचा एकेक डाव हप्ताभर चालते. लय खोल इचार करते."

अशाच एका डावावरून ती दवाखान्यात जायला उठली. "बंद नका करू, आल्यावर पाहीन," म्हणाली. ती जालन्याच्या दवाखान्यातून परत आली नाही.

साडूभाऊंनी तो डाव मशीनवर जपून ठेवला. पुढे त्या खेळाची नवी आवृत्ती आली, आणि तिच्यात जुने डाव उघडत नाहीत असं त्यांना कळलं. त्यांच्या लिनक्समध्ये एखादं पॅकेज, म्हणजे एखादा प्रोग्राम, आहे त्या आवृत्तीवर रोखून धरता येतं. याला हात लावू नको, असं मशीनला बजावून ठेवायचं. त्यांनी खेळाला रोखलं. खेळाला चालायला जुनी लायब्ररी, म्हणजे आधाराच्या फायलींचा गठ्ठा, लागत होती, म्हणून लायब्ररीला रोखलं. लायब्ररीला तिच्याहून जुनं काहीतरी लागत होतं, त्यालाही रोखलं. नेटवरून खरोखरच उडालेल्या फायली त्यांच्याच ढिगातून निघाल्या. बघता बघता सगळं मशीन जागच्या जागी थांबलं. मोबाईल अपडेट केला नाही म्हणून मला चारचौघांत झाडणारा हा माणूस अपडेटचं नाव काढीना. ब्राउझर इतका म्हातारा झाला की अर्जांची वेबसाइट त्याला दारात उभं करीना. अर्ज भरायला येणारी पोरं एसटी स्टँडजवळच्या नव्या दुकानात जाऊ लागली. साडूभाऊंचं शटर अर्धंच वर राहू लागलं.

मी म्हटलं, "साडूभाऊ, पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि मशीन मोकळं करा. दुकान जाईल हातचं."

"फोटोतले पत्ते हालत नाहीत, साडूभाऊ."

"मग दुसरं मशीन घ्या."

"तिनं याच्यावर मांडला ना."

पुढच्या खेपेला मी बायकोला बरोबर नेलं. ती मेहुणीची धाकटी बहीण. माहेरी, देऊळगाव राजाला, दोघी बहिणींनी उन्हाळेच्या उन्हाळे पत्ते कुटण्यात घालवलेले. साडूभाऊंनी तिच्यासाठी डाव उघडला आणि माऊसवर हात धरून उभे राहिले, वाऱ्यात समईवर धरतात तसा. तिने कशाला हात लावला नाही. बोट हवेतच या पानावरून त्या पानावर नेत तिने सगळा पट पाहिला. बाजूच्या चारही जागा भरलेल्या होत्या. तिने पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, या वेळी फार सावकाश. साडूभाऊ तिच्या तोंडाकडे पाहत होते. मग तिच्या तोंडून निघूनच गेलं:

"भाऊजी, याच्यात एकबी पान हालत नाही. ताईचा डाव कवाच अडकला होता. ती नुसती तुमच्यापाशी बसून राहत होती."