हंटरमधली दुसरी सीट

कौसल्या जन्मली तेव्हा घरात जुनीच नावं देत. पाच वर्षांनी भाऊ झाला तोवर घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, म्हणून त्याला पंचशील असं नवंकोरं नाव मिळालं. चांगलं ते त्याच्या वाट्याला जाण्याची सुरुवात तिथूनच झाली, असं कौसल्याचं ठाम मत होतं. ती सोळाव्या वर्षी कापड मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला लागली; तो शिकला. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. पंचशील एअरफोर्समध्ये मेकॅनिक झाला आणि तिथून निवृत्त होऊन नाशिकला कारखान्यात लागला. म्हातारे वडील, दगडू, मात्र कौसल्याकडेच राहिले, इंदूरमधल्या जुनी इंदूर भागातल्या दोन खोल्यांत.

दगडूंच्या तोंडी एकच गोष्ट असे. "आमचा पंचशील जेटमध्ये बसलेला आहे. लढाईच्या. साहेबाच्या बाजूला. विमान उलटं झालं तरी पोरगा डरला नाही." ही गोष्ट दूधवाल्याने ऐकली होती, न्हाव्याने ऐकली होती. वडिलांचे पाय चेपताना कौसल्याने तर ती इतकी ऐकली होती की पुढचा शब्द तिच्या ओठांवर आधी यायचा.

मिल चालू होती तोवर ती फक्त संध्याकाळी ऐकावी लागे. मिल बंद पडली आणि ती दिवसभर ऐकू येऊ लागली.

एकदा मिलच्या गेटवरच्या कामगारांच्या मीटिंगचा निरोप द्यायला शेजारची पूर्णिमा आली. "काकाजी, कौसल्याताईंनी परवा सगळ्यांसमोर काय मस्त भाषण केलं," ती म्हणाली. दगडूंनी मान हलवली. "मिल तर गेली बेटा, आता भाषण देऊन काय? पण आमचा पंचशील—"

कौसल्या चुलीकडे तोंड करून बसली होती. भाकरी करपली तरी तिने उलटली नाही. साध्या मेकॅनिकला लढाऊ विमानात कोण बसवतं? थाप असणार. आणि थाप असली तर ती आपणच शोधून काढायची, असं तिने त्या दिवशी ठरवलं.

चौदा एप्रिलला, जयंतीसाठी, ती दरवर्षीसारखी महूला गेली. तिथल्या गर्दीत तिने एअरफोर्समधली माणसं शोधली. शामराव म्हणून एक गृहस्थ भेटले. ते जामनगरला पंचशीलबरोबर होते आणि आता पीथमपूरच्या एका फॅक्टरीत गार्ड होते. तिने सरळ विचारलं.

"असं कोणालाही बसवत नाहीत, ताई," शामराव म्हणाले. "पण हंटर म्हणून लढाऊ जेट होतं ना, त्याचं एक दोन सीटवालं विमान होतं, शिकवायचं. त्यात कधी कधी... मी तेव्हा सुट्टीवर होतो. तुम्ही जयसिंगराव साहेबांना विचारा ना. रिटायर होऊन इथेच महूला राहतात."

साहेबांच्या बंगल्याच्या फाटकाशी ती जरा थबकली. मग कडी वाजवली. साहेब स्वतःच बाहेर आले, उंच, पांढऱ्या मिशांचे. पंचशीलचं नाव ऐकताच ते हसले आणि त्यांनी तिला व्हरांड्यात खुर्ची दिली.

"इंदूरचा मुलगा, बरोबर? हो, बसवलं होतं मी. विमानाचा ब्रेक त्याने दुरुस्त केला होता. मी म्हटलं, तू ठीक केलंयस ना, मग चल, बस बाजूला. वरून परवानगी काढली होती बरं का, चोरून नाही."

कौसल्याचा चेहरा पडला. म्हणजे खरं होतं.

"डरला नाही म्हणे," ती कशीबशी म्हणाली.

साहेबांना आणखी हसू आलं. "बाई, धावपट्टी सुटल्यापासून त्याने डोळे मिटले ते उतरेपर्यंत. समुद्रावर मी जरा विमान कलतं केलं, तर पोराने सगळं जेवण स्वतःच्या टोपीत काढलं. उलटंबिलटं काही केलं नाही मी. खाली आल्यावर शिडीच्या पायरीवर बसून राहिला, उठेना. मग टोपी धुवायला गेला."

परतीच्या बसमध्ये कौसल्याला उभं राहावं लागलं, पण तिला ते जाणवलंच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भावाची एक गोष्ट तिच्या हातात आली होती, आणि ती तिला वडिलांसमोर टाकायची होती.

घरी पोचल्यावर चपला न काढताच तिने सांगितलं. डोळे मिटलेले, टोपी, पायरी, काही गाळलं नाही.  दगडूंचे खांदे हलू लागले. ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं.

"टोपीत?" ते म्हणाले. "अरे वा रे पंचशील. परत सांग."

दुसऱ्या दिवसापासून दगडू येईल त्याला बसवून घेऊ लागले. "कौसल्या खुद्द साहेबांना भेटून आली आहे. सांग गं टोपीचं." सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघायची. तिला ते आवडायचं आणि आवडतं म्हणून चीडही यायची. गोष्ट शेवटी त्याचीच होती.

मे महिन्यात पंचशील मुलांना घेऊन आला. कोपऱ्यावर कोणीतरी विचारलं, "क्यों भिया, टोपी सूखी क्या?" तो लाल होऊन घरात शिरला, थेट स्वयंपाकघरात.

"ताई, मला विचारायचं होतंस. महूपर्यंत कशाला गेलीस?"

"तुला विचारलं असतं तर विमान उलटंच झालं असतं," कौसल्या म्हणाली. मग पोळपाट बाजूला सारून ती त्याच्याकडे वळली. "जळते मी तुझ्यावर, पंचशील. तू एकदा बसलास वर, आणि बाबा अजून तिथेच बघत असतात. त्यांचं पथ्यपाणी मी करते. मी त्यांना दिसत नाही."

 "मग मी काय करू?" पंचशीलने हळूच विचारलं.

"घेऊन जा त्यांना. काही दिवस तूही कर."

तो घेऊन गेला. कौसल्याने मालगंजच्या एका रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात फ्रॉक शिवायचं काम धरलं. घरी आल्यावर ती एकटी जेवायची आणि लवकर झोपायची. वडिलांची आठवण यायची, पण बोलावून घ्यावं इतकी नाही.

श्रावणात दगडू परत आले. आता त्यांच्या बोलण्यात नाशिक होतं: पंचशीलचा फ्रिज, पंचशीलची स्कूटर, नातवाची इंग्लिश. 

"आधी माझं ऐका," कौसल्या म्हणाली, आणि आपल्या कारखान्याची गोष्ट सांगू लागली: नवं मशीन, ते पहिल्या दिवशी कसं अडलं, तिने ते कसं चालू केलं, मालकाने तिलाच बाकीच्यांना शिकवायला कसं सांगितलं. दगडूंनी मध्ये तोंड न घालता सगळं ऐकलं.

"बरं झालं," ते म्हणाले. मग थोडं थांबून: "पंचशीलकडचं मशीन मात्र कपडे धुतं."