तटस्थ माणूस पाहिजे

कायम नोकरीसाठी पहिली मुलाखत मी शेचाळिसाव्या वर्षी दिली, तीही सोलापुरात, दादाच्या घरी, पंखा बंद करून. पंखा चालू ठेवला असता तर पलीकडच्या तिघांना माझ्याऐवजी त्याचीच घरघर ऐकू गेली असती. ऑक्टोबरची दुपार, डोक्यावर पत्रा. वहिनीनं ओला पंचा आणून दिला. गळ्याशी ठेवला तर कॅमेऱ्यात दिसेल, म्हणून मी तो मांडीवर ठेवला.

"वन्सं, दार लावू का उघडं ठेवू?"

"लाव. आणि तासभर कुकर लावू नका."

"कुकरचं ऱ्हाऊ द्या, तुमच्या दादाला कोण सांगणार? ते भाईर खुर्ची टाकून बसल्यात. ऐकतो म्हणत्यात."

"त्याला इंग्रजी कुठं कळतंय?"

"आवाज कळतो म्हणत्यात."

दादा मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर दिवाणजी आहे. त्या दिवशी त्यानं मुद्दाम सुट्टी घेतली होती. माझी बहीण परदेशात भांडणं मिटवते, असं तो यार्डात सगळ्यांना सांगतो. "म्हंजे वकील हाय व्हय?" असं कुणी विचारलं की म्हणतो, "वकील भांडण चालू ठेवतो. ही बंद करती." माझ्या कामाची याहून चांगली व्याख्या मला आजवर जमलेली नाही.

ती नोकरी मला हवी होती. का हवी होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच त्रागा वाटेल.

बत्तिसाव्या वर्षापर्यंत मी सोलापुरात विडी कामगार बायकांच्या बचत गटांचं काम करत होते. गटात पैसे कमी आणि भांडणं जास्त, त्यामुळे मिटवामिटवीची सवय होती. मग शिष्यवृत्ती मिळाली आणि युरोपात जाऊन 'शांतता आणि संघर्ष' या विषयात एम.ए. केलं. वर्गात निरनिराळ्या देशांतले वीसेक जण होतो. जग सुधारायला निघाल्यासारखे चेहरे होते सगळ्यांचे, माझाही. आज त्यातला एक काठमांडूत वडिलांचं लॉज चालवतो. एकजण एका श्रीमंत देशाच्या सरकारी खात्यात आहे आणि आश्रय मागायला आलेल्यांचे अर्ज नाकारते. एक जण त्याच विद्यापीठात तोच अभ्यासक्रम शिकवतो, म्हणजे आमच्यासारखे आणखी तयार करतो. कायम नोकरी फक्त दोघांना लागली, आणि त्या दोघांचे पासपोर्ट असे की त्यांना कुठं जायला व्हिसा लागत नाही. बाकीचे आम्ही करारावर. सहा महिने, अकरा महिने, मग सक्तीची विश्रांती, मग पुन्हा अर्ज. मधल्या काळात मी दादाच्या घरी येऊन राहते आणि शेजारपाजारचे विचारतात, "काढलं का तुमाला?"

करारावरचं काम मला चालतं, पण कामाला ते चालत नाही. मी जिथं काम करते तो आफ्रिकेतला देश आहे. नाव लिहीत नाही, करारात तशी अट आहे. तिथं कोरडा ऋतू सुरू झाला की गुराखी गुरं घेऊन दक्षिणेकडं उतरतात. त्यांच्या वाटेवर शेतकऱ्यांचं पीक अजून उभं असतं. गुरं पिकात शिरतात, काठ्या निघतात, आता तर बंदुकाही निघतात. माणसं मरतात. हे भांडण एका हंगामापुरतं जाऊन मिटत नाही. या वर्षी ज्या माणसानं तुमच्या समोर शब्द दिला, त्याला पुढच्या वर्षी तोच चेहरा समोर दिसावा लागतो. दोन वर्षं मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तिथल्या कार्यालयाची प्रमुख म्हणून 'प्रभारी' काम केलं. आता ते पद कायम होणार होतं आणि माझी मुलाखत होती. पन्नाशीनंतर गावोगाव फिरायच्या कामावर कुणी घेत नाही, त्यामुळे हे नाही तर काही नाही, हे मला माहीत होतं.

अडचण होती ती माझ्या बापाच्या मेंढरांची.

आम्ही मंद्रूपकडचे धनगर. पहिल्या वर्षी गुराख्यांच्या बैठकीला मी गेले तेव्हा कुणी तोंड उघडेना. झाडाखाली म्हातारे बसलेले, मी दुभाष्यामार्फत प्रश्न विचारतेय, उत्तर एकच, "सगळं ठीक आहे." शेवटी त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं उलट मलाच विचारलं, "तुझ्या बापाची गुरं किती?"

"गुरं नाहीत. मेंढरं. शंभरावर होती."

"नुसती मेंढरं?" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "म्हणजे गरीबच की तुम्ही!"

मग दुसऱ्यानं विचारलं, मेंढराच्या खुरात कुजलं तर काय लावता. तिसऱ्यानं विचारलं, लांडगे आहेत का. मग संध्याकाळपर्यंत ते बोलले, आणि कुठल्या गावात कुणी कुणाला मारलं तेही त्याच ओघात कळलं.

त्याच आठवड्यात मी शेतकऱ्यांना आमच्याकडची रीत सांगितली. सुगी झाली की शेतकरी आपणहून मेंढपाळाला बोलावतो, माझ्या रानात मेंढरं बसव म्हणून. रात्रभर कळप रानात बसतो, लेंडीखत पडतं, त्याबद्दल शेतकरी ज्वारी देतो. शेतकरी हसले. जनावर पिकात शिरलं म्हणून दंड घ्यायचा सोडून वर धान्य द्यायचं? पण तीन गावांनी करून पाहिलं. बैलांनी एकाचा बांध तुडवला, त्यावरून दोन दिवस बोलाचाली झाल्या, तेवढंच. त्या हंगामात त्या तीन गावांत कुणी मेलं नाही.

आता न घडलेल्या खुनाचा अहवाल कसा लिहायचा? वरून, मुख्य कार्यालयातून, विचारणा आली, "परिणाम दाखवणारे फोटो पाठवा." मी मोकळ्या रानाचा फोटो पाठवला. ते म्हणाले, यात काहीच दिसत नाही. मी म्हटलं, तोच तर परिणाम.

दुसऱ्या वर्षी एका गावच्या शेतकऱ्यांच्या म्होरक्यानं तक्रार केली. बाई गुराख्यांची आहे. तिनंच सांगितलंय, तिचा बाप जनावरं राखायचा. मी त्याच्याकडं गेले. म्हटलं, आमच्या घरी मेंढरंही होती आणि शाळूचं रानही आहे. तो म्हणाला, "असं कुठं असतं? माणूस एक तर हा असतो, नाहीतर तो." मी फोनवर दादाचा फोटो दाखवला, शाळूत उभा असलेला. त्यानं बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "हा तुझा भाऊ कशावरून?" पण गुरं त्यानं त्याही वर्षी रानात बसवून घेतली. तक्रार मात्र कागदावर राहिली.

मुलाखतीत पडद्यावर तिघं होते. दोन बायका, मधे एक गृहस्थ. सगळे सभ्य. पाऊण तास नीट गेला. मग मधल्या गृहस्थांनी चष्मा काढला.

"तुम्ही कामाच्या ठिकाणी आपल्या कुटुंबाचा व्यवसाय उघड केला होता. त्यामुळे तुमच्या तटस्थपणावर प्रश्न आला. पुन्हा तसं कराल का?"

याचं बरोबर उत्तर काय, ते आमच्या धंद्यात पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं. 'तो अनुभव मला बरंच शिकवून गेला, यापुढे मी अधिक काळजी घेईन.' एवढं म्हणायचं, थोडं हसायचं. मी ते वाक्य जुळवलंही होतं. घाम कपाळावरून भुवईत उतरत होता आणि मांडीवरचा पंचा उचलता येत नव्हता.

"हो, करीन," मी म्हटलं. "त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मी लपवलं असतं आणि नंतर कळलं असतं तर दोन्ही बाजू गेल्या असत्या. शिवाय ते सांगितलं नसतं तर मेंढरं बसवायची गोष्ट निघालीच नसती."

"पण एका बाजूला तुम्ही त्यांच्यातल्या वाटणार."

"सर, जो कुणाचाच नाही, कुठलाच नाही असा माणूस तुम्हाला कुठं मिळणार?"

बायकांपैकी एक खाली बघून लिहू लागली. गृहस्थ म्हणाले, "धन्यवाद, फार प्रामाणिक उत्तर दिलंत." इंटरव्ह्यूत प्रामाणिक म्हणाले की समजायचं.

लॅपटॉप बंद केला, पंखा लावला आणि दार उघडलं. दादा खुर्चीतच होता.

"शेवटी आवाज चढला तुझा."

"चढला नाही."

"चढला. काय इचारलं?"

मी सांगितलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आगं मग न्हाय म्हनायचं की! बाप मास्तर हुता म्हनायचं. तितं कोण बघाया येतंय?"

"अन् मामंजी वर बसून ऐकत्यात त्याचं काय?" वहिनी आतून म्हणाली.

"त्यांना कुटं इंग्रजी येतंय!" दादा म्हणाला, आणि मग स्वतःच हसायला लागला. मला हसू आलं नाही. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "तू तितं समद्यांना सांगतीस, एकमेकांचं ऐका. तुझं कोण ऐकतंय?"

"म्हणूनच कायम व्हायचं होतं."

"मग एवढं एक खोटं बोलायला काय झालं हुतं?"

याचं उत्तर मी त्याला दिलं नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं. एकदा तसं म्हणून नोकरी घेतली असती, तर पुढच्या बैठकीत म्हाताऱ्यानं मेंढरांचं विचारल्यावर मला गप्प बसावं लागलं असतं. मग ती नोकरी करायची कशी? हा व्यवहाराचा प्रश्न होता. दादाला व्यवहार कळतो, पण त्या दिवशी तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता, आणि मीही नव्हते.

तीन आठवड्यांनी मेल आली. पदासाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. तुमचं योगदान अमूल्य आहे. नव्या प्रमुखांना गावांची ओळख करून देण्यासाठी तीन महिन्यांचा करार स्वीकाराल का? मी मेल वाचून लॅपटॉप मिटला आणि वहिनीबरोबर शेंगा सोलायला बसले. इतक्या जोरात फोडत होते की वहिनी म्हणाली, "वन्सं, दाणे तरी ठेवा. चटणी करायची हाय, भुगा न्हाय."

दादानं विचारलं तेव्हा मी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "शिकवायला तू पाहिजेस, आन् खुर्चीत तो. आमच्या गाळ्यावर पन असंच असतंय."

मी नकार कळवणार होते. तसं उत्तर लिहूनही ठेवलं होतं. पण ते पाठवायच्या आधीच निवड झालेल्या माणसाचा फोन आला. चाळिशीचा असावा, युरोपातला, आवाज नम्र. त्यानं माझे सगळे अहवाल वाचले होते, मोकळ्या रानाच्या फोटोसकट. त्याचा राग करायची माझी तयारी होती आणि तो करू देत नव्हता, याचाही वैताग आला.

"गुरं बसवायला कधी लागतात? कापणी संपल्यावर लगेच?" त्यानं विचारलं.

"लगेच नाही. कापणी संपायच्या आधी बोलणी व्हावी लागतात. नंतर गेलात तर काठ्या आधी निघतात."

"तुम्हाला हे सगळं घरच्यामुळे माहीत होतं?"

"हो. तुमच्या घरी काय करतात?"

"शेती. वडिलांची मोठी शेती आहे. गहू आणि बटाटे. शेजाऱ्याच्या गाई आत येतात म्हणून त्यांचं आयुष्यभर भांडण चाललंय."

"हे मुलाखतीत विचारलं तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. "विचारलं नाही."

इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात जे नुसतं धुमसत होतं, ते त्या क्षणी सरळ झालं. शेतकऱ्याचा मुलगा तटस्थ. धनगराची मुलगी एका बाजूची. त्यात त्याचा दोष नव्हता, आणि तो नोकरी परत करणार नव्हता हेही दिसत होतं. मीही तशी अपेक्षा केली नाही.

"मी तीन महिने येते," मी म्हटलं. "एका अटीवर. पहिल्या बैठकीत आपण दोघं बसायचं. म्हाताऱ्यांनी विचारलं की मी मेंढरांचं सांगणार आणि तुम्ही गव्हाचं सांगायचं. बापाच्या भांडणासकट."

"मला आत्ताच सूचना दिली आहे, व्यक्तिगत माहिती देऊ नये."

"मला माहीत आहे कशामुळे दिली."

"मला मुख्य कार्यालयाला विचारावं लागेल."

"विचारा. मी कराराच्या कागदावर ही अट लिहून मागणार आहे."

तो हसला नाही, आणि चिडलाही नाही. "पटतंय मला," म्हणाला. पटणं आणि लिहून देणं यांत आमच्या धंद्यात किती अंतर असतं ते मला माहीत आहे, म्हणून मी फोन ठेवल्यावर लगेच अट मेलवरही पाठवली.

दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे तू आता तुझ्याच हापिसाशी भांडान काढलंस."

"हो."

"आन् ते कोण मिटवनार?"

काल उत्तर आलं. मुख्य कार्यालय या मुद्द्यावर विचार करत आहे, कायदेशीर सल्ला घेत आहे, थोडा वेळ लागेल. मी दोन ओळी लिहून पाठवल्या: तिकडची कापणी आता अर्ध्यावर आली असेल. ती संपायच्या आत तुमचा विचार संपला तर बरं होईल.