रुमालाखालची वीण

तरुण पोरं बेलबॉटम घालून मिरवायची त्या काळात, गिरणीतला एक विणकर रोज जुन्या पद्धतीचा सुती कोट घालून आमच्या शुक्रवार पेठेतून कामाला जायचा. पँटला इस्त्री अशी कडक, की वाटावं लग्नालाच निघालाय. पुढं गिरणी बंद पडली, तरी तो त्याच वेळी, तसाच निघायचा.

मी तेव्हा दोन मुलाखतींत नापास होऊन चुरगळलेल्या सदऱ्यात ओट्यावर बसलेला असायचो. एकदा खवचटपणे विचारलं, "आता कोट कशाला?"

वरच्या खिशातला रुमाल उचलून त्यानं खालची फसलेली वीण दाखवली. "माज्याच मागावरचं डागी कापड हाय. गिरणीनं टाकलं, मी कोट शिवला की."

रुमाल नीट बसवून तो काम शोधायला गेला. मी घरात जाऊन तांब्यात निखारे भरले आणि सदरा इस्त्रीला पसरला.