महामार्गावरून आणलेली कोंबडी

भुसावळच्या दवाखान्यातली ड्यूटी संपवून मी नवऱ्याबरोबर स्कूटरवर घरी निघाले होते. आमचं घर नशिराबादला, गावाच्या कडेला. गाव थोडं पुढे राहिलं असताना महामार्गावर गर्दी दिसली. ब्रॉयलर कोंबड्यांचा टेम्पो उलटला होता. जाळ्या फुटून कोंबड्या डांबरावर पसरल्या होत्या आणि लोक त्या गोळा करत होते. पोत्यात, डिकीत, पदरात. एकाने तर हेल्मेटमध्येच कोंबली होती. भांडण नाही, आरडाओरडा नाही. कापूस वेचावा तशी माणसं वाकून वाकून कोंबड्या उचलत होती. ड्रायव्हर दुभाजकावर कपाळ धरून बसला होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

मी नर्स आहे. स्कार्फ सोडून त्याच्या डोक्याला घट्ट बांधला. नवऱ्याने ॲम्ब्युलन्सला फोन केला. मालकाला काय सांगू, एवढंच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्या पायाशी एक पांढरी कोंबडी चोच उघडी टाकून बसली होती. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना त्याने तिच्याकडे बोट केलं.

"ही तुम्ही न्या, ताई. कोणीतरी नेणारच आहे."

मी ती उचलली. नवऱ्याला वाटलं, रस्सा करायचा आहे. घरी येऊन त्याने मसाल्याचा डबाही काढला. मी नको म्हणाले. रस्त्यावरचं ते दृश्य पाहिल्यावर घास उतरला नसता. त्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं, ते कळलं नाही.

माझे सासरे, आबा, तेव्हा आमच्याकडे होते. त्यांचं घर पिंपळनेरजवळच्या खेड्यात. पावसाळ्यात सासूबाई गेल्या आणि आबांनी एकटं राहायला नको म्हणून आम्ही त्यांना आणलं, जवळजवळ ओढूनच. दिवसभर ते ओट्यावर बसून असत. संध्याकाळी नवरा कामावरून आला की विचारत, मला घरी कधी सोडतोस. जेवायचेसुद्धा आमचं मन राखायला.

कोंबडीला चालता येत नव्हतं. दोन पावलं टाकली की ती छातीवर बसायची. आबांनी तिला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "तिना पायमा जीव नही शे. बठ्ठा जीव पोटमा."

सगळा जीव पोटात, म्हणून त्यांनी तिचं खाणं निम्म्यावर आणलं. मला ते क्रूर वाटायचं, कारण ती भुकेने पत्र्याच्या डब्यावर चोच आपटत राही. रोज सकाळी ते तिला उचलून परसात उन्हात ठेवत. मातीवर ठेवलं की ती जागची हलायची नाही. माती तिने कधी पाहिलीच नसावी. बऱ्याच दिवसांनी एकदा तिने पायाने माती उकरली. आबांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. आमच्याकडे आल्यापासून त्यांनी स्वतःहून मारलेली ती पहिली हाक.

त्या दिवशी ते सासूबाईंच्या कोंबड्यांबद्दल बोलले. सासूबाई गेल्यावरही कोंबड्या रोज सकाळी दाराशी येऊन उभ्या राहायच्या, दाणे टाकणाऱ्या हाताची वाट बघत. आबांना ते बघवेना.

"तेरावं झायं नि मी इकी टाक्यात," विकल्या एवढंच सांगून ते उठून गेले.

संक्रांतीनंतर ते कोणाला न सांगता एसटीने पिंपळनेरच्या बाजारात गेले आणि टोपलीत गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन परतले. नवऱ्याने परसात जाळी ठोकून दिली. अंडी मिळू लागली. आबा ती धोतराच्या सोग्याने पुसून माझ्या हातात ठेवत. घरी कधी सोडतोस, हा प्रश्न बंद झाला. आम्ही नवराबायको मनातून सैल झालो.

मग एक गावठी कोंबडी कोपऱ्यात मान वाकडी करून बसलेली दिसली. खालची विष्ठा हिरवी होती. दुसऱ्या दिवशी आणखी एक तशीच. मी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मानमोडीचा रोग सांगितला. आता औषध नाही, आधी लस दिली असती तरच वाचल्या असत्या, असं म्हणाले. पांढरीला फार्मवरच लस मिळाली असणार, तिला बहुधा काही होणार नाही. रोग बाजारातून आला असेल. हे सगळं ते आबांसमोर बोलले. मला वाटत होतं, त्यांनी आत येऊन सांगायला हवं होतं.

गावठी सगळ्या गेल्या. कोंबडा शेवटी गेला. आबांनी स्वतः खड्डे खणले, चुना टाकला, कोणाला हात लावू दिला नाही. हात धुताना मला म्हणाले, "मीच लई उनू ना त्यास्ले."

तुम्ही आणल्या म्हणून तुमचा काय दोष, असं मी म्हणाले. ते फावडं धुवायला लागले.

त्यांचं मन रमावं म्हणून मी लस दिलेली पिल्लं आणली. आबा त्यांना पाणी ठेवत, पण जवळ थांबत नसत. पांढरीकडे मात्र जायचे. उन्हाळा चढला तसं तिच्याभोवती ओलं गोणपाट लावत. तरी एका दुपारी ती परसातल्या पपईच्या झाडाखाली पडली. मी ड्यूटीवर होते. घरी आल्यावर त्यांनी आधी माझं जेवण होऊ दिलं आणि मग म्हणाले, पांढरी गेली, पुरून टाकली.

सासूबाई गेल्यानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्यांच्या नावाने घागर भरायला आबा गावी गेले आणि तिथेच राहिले. नवरा दोनदा आणायला गेला. दोन्ही वेळा त्यांनी त्याला जेवू घातलं आणि एकट्यालाच परत पाठवलं.

पिल्लं मोठी झाली, अंडी देतात. फोनवर आबा आधी त्यांची चौकशी करतात, मग आमची. मागे मी म्हटलं, दोन कोंबड्या पाठवू का तुमच्याकडे, सोबत होईल.

"नको बेटा," ते म्हणाले. "आते नको."

कधी कधी ते फोन उचलत नाहीत. मग नवरा त्यांच्या शेजाऱ्याला फोन लावतो आणि तो जाऊन पाहून येईपर्यंत आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून बसून राहतो.