टपातली तीन कातडी

म्हातारा गेला तेव्हा न्हाणीघरातल्या टपात तीन सशांची कातडी मीठ-तुरटीच्या पाण्यात पडलेली होती. माणूस उठून गेला, कातडी तशीच राहिली. त्यांना काय कळतंय कोण गेलं ते!

त्याला सगळी गल्ली ससेकाका म्हणायची, म्हणून त्याची बायको ससेकाकी. मागच्या खोलीत पिंजरे. मांस खाटकाकडे जायचं आणि कातडी घरीच कमावायची, हा त्याचा जन्माचा छंद. आंघोळीला जावं तर टपात कातडी! उभा संसार तिनं त्या वासाच्या नावानं बोटं मोडली. "एक दिवस टपासकट तुम्हाला बाहेर ठेवीन," म्हणायची. ठेवलं मात्र नाही.

आता लोक येऊन बसत होते, चहा पीत होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते. ती रडेना. डोळे कोरडे, हात मांडीवर. शेजारची शिंपीण ससेकाकीच्या लेकीच्या कानाशी लागली, "अगं, हिला रडव कसंही करून. आत साठलं की माणूस खचतं."

"मावशी, रडवायला ती काय तान्ही आहे?" लेक म्हणाली.

लेकीनं ठरवूनच टाकलं होतं. रविवारी टेम्पो येणार, आईला सामानासकट आपल्याकडे न्यायचं. पिंजरे खाटकानं आधीच नेले. लेकीनं नाकाला पदर लावून टप उचलला.

"ते ठेव," ससेकाकी म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदाच बोलली.

"आई, कुजेल हे सगळं."

"कुजायच्या आत करते. मग येते मी."

म्हणजे तीन कातडी आणि रविवार. काम तिनं कधी केलेलं नव्हतं. त्यानं शिकवायचं म्हटलं की ती म्हणायची, "मला नको तुमचं ते." पण भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात बसून तिनं ते जन्मभर ऐकलं होतं. टपातून काढलेलं कातडं धुवायचं, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं. सावलीत वाळत घालायचं. अर्धवट वाळलं की खुर्चीच्या पाठीच्या कडेवर इकडून तिकडे ओढत राहायचं, नाहीतर लाकूड होतं. आधी सपसप वाजतं, मग खसखस, मग आवाजच बंद होतो. आवाज बंद झाला की ती तिकडे चहाचं आधण ठेवायची. तेवढं तिला ठाऊक.

पहिलं कातडं हातात घेतलं तर लोकर मुठीत आली. रडायला आलेल्या लोकांपायी टप ढवळायचा राहून गेला होता. घडीत दबलं तिथं पाणी पोचलंच नाही. तिनं ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुसरं तिनं नीट सावलीत घातलं. शिंपीण बाई उपकाराची हौशी. तिनं ते उचलून गच्चीवर उन्हात टाकलं. संध्याकाळी दारात उभी, हातात फळीसारखं कातडं. "काकी, बघा कसं खडखडीत वाळलं!"

"हो. आता पाट म्हणून बसायला घ्या."

शिंपीण हसली, मग हसू नये हे आठवून गप्प झाली. ससेकाकीनं ओल्या फडक्यात गुंडाळून ते मऊ करून पाहिलं. घडी घालायला गेली तशी कडाकडा चिरलं.

राहिलं एक. राखाडी, पोटाशी पांढरं. रविवारी सकाळी ते बरोबर अर्धं वाळलं. तिनं खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि दोन्ही हातांनी कातडं धरून बसली. सपसप. घरातलं सामान एकेक करून खाली चाललं होतं. भांडी गेली, गादी गेली. खसखस. खांदे भरून आले, पण ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. लेक दोनदा डोकावून गेली.

मग आवाज बंद झाला. कातडं रुमालासारखं मऊ पडलं. झालं होतं. तिला कळलं होतं झालं ते.

ती ओढतच राहिली.

"आई, टेम्पोवाला थांबलाय."

"हं."

"झालंय ना ते?"

"झालंय."

आणि हात काही थांबेनात. इकडून तिकडे, तिकडून इकडे. सशाचं कातडं ते, किती सोसणार? पोटाशी पातळ होतं तिथं टर्र करून वीतभर फाटलं. ससेकाकी बघत राहिली. खालून हॉर्न वाजला.

लेकीला वाटलं, आता बांध फुटणार. ती पुढे होऊन जमिनीवर बसली, आईच्या गुडघ्याला धरून.

"सुई कुठल्या पेटीत गेली गं?" ससेकाकीनं विचारलं.

"खाली. टेम्पोत."

"घेऊन ये. दोरा ओवूनच आण, मला दिसत नाही. राखाडीच बघ, काळा नको."

लेक जिना उतरून गेली. खाली टेम्पोवाल्याशी तिची काहीतरी बोलाचाली झाली, मग गाडी बंद केल्याचा आवाज आला. रिकाम्या खोलीत ससेकाकी फाटीच्या दोन्ही कडा चिमटीत जुळवून धरून बसली, सुटू न देता.