व्हर्नने भोक पाडलेली डिस्क

आमचे घरमालक व्हर्न हाल्वरसन, कॉम्प्युटरची हार्ड डिस्क खराब झाली की तिला आधी ड्रिलने आरपार भोक पाडतात आणि मगच फेकतात. "आमचं घरचं शूटिंग कुणी कचऱ्यातून उचलून बघायला नको," म्हणतात. अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या या घराचं तळघर म्हणजे त्यांचं राज्य. तिथे चार डिस्कचा सर्व्हर, त्यात लग्नापासूनचं सगळं शूटिंग, आणि वर हॉलमध्ये टीव्हीसमोर त्यांची बायको आर्डिस. तिला आता फारसं काही आठवत नाही. संध्याकाळ झाली की घाबरते, "मला घरी जायचंय" म्हणत कोट चढवते, घरातच असते तरी! मग व्हर्न जुने व्हिडिओ लावतात आणि ती शांत होते. दुसऱ्या कशानेच होत नाही, मी सगळं करून बघितलंय.

रविवारी दुपारी सर्व्हर बोंबलायला लागला, डिस्क तीन जाणार म्हणून. एक गेली तर चालतं, नवी लावली की उरलेल्या तिघी मिळून तिला भरून देतात. व्हर्ननी तीनचं लेबल असलेली काढली, भोक पाडलं, नवी लावली. माझं सहज सर्व्हरच्या स्क्रीनकडे लक्ष गेलं.

"व्हर्न, तुमची लेबलं एकपासून आहेत?"

"मग कुठून असणार?"

"हा शून्यापासून मोजतोय."

ते हातातल्या भोकाकडे बघतच राहिले. चांगली डिस्क होती ती! खराब म्हणजे चारचं लेबल असलेली, ती आतच होती, आणि नवी भरायच्या धावपळीत तीही बसली. दोन गेल्यावर उरलेल्या दोघींकडून काहीच मिळत नाही.

"लाइलकडे कॉपी आहे ना?" मी म्हटलं.

लाइल त्यांचा कर्लिंग क्लबमधला मित्र; कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायचा आणि तो लांब जावा म्हणून त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासायचा खेळ. दरवर्षी बर्फ तयार झाला की पहिल्या खेळाच्या दिवशी दोघं आपापली ताजी कॉपी करून डिस्क एकमेकांशी बदलून घेतात, एकाचं घर जळलं तरी दुसऱ्याकडे असावी म्हणून. यंदा मात्र त्याच दिवशी शेवटच्या दगडापुढे झाडू कुणी कमी मारला यावरून भांडले, डिस्क बदलल्याच नाहीत, आणि तेव्हापासून बोलणं बंद.

"त्याला मी फोन करणार नाही," व्हर्न म्हणाले.

वरून आर्डिसची हाक आली, "माझा दुसरा बूट कुठंय? मला घरी जायचंय!"

व्हर्ननी फोन लावला.

"माफी मागायला केलास का?" पलीकडून लाइल.

"माझी डिस्क आण."

"आर्डिससाठी?"

"हो रे."

"आलोच. पण झाडू तूच कमी मारलास."

"मुकाट्याने ये गाढवा!"

लाइल आला तो लोकरीच्या मोज्यात डिस्क गुंडाळून, कोटाच्या आत धरून. आम्ही ती सरळ टीव्हीला लावली. स्क्रीनवर तरुण लाइल बर्फावर साफ आडवा झाला आणि आर्डिस खदाखदा हसली. "अरे लाइल, ऊठ की!"

"उठतोय गं बाई!" सोफ्यावरचा लाइल ओरडला. तिने कोटाच्या बाहीतून हात बाहेर काढला.

"मागच्या वर्षीपर्यंतचंच असेल ना यात?" लाइलने हळूच विचारलं. व्हर्ननी मान डोलावली. यंदाच्या उन्हाळ्यात तळ्यावर तिने आपणहून त्यांना "व्हर्न" म्हणून हाक मारली होती. ते शूटिंग गेलं. तशी हाक नंतर नाहीच आली.

मला रडूच आलं. व्हर्ननी खिशातून फोन काढला आणि हसणाऱ्या आर्डिसवर धरून शूटिंग सुरू केलं.

"मलाही घे की त्यात," लाइल म्हणाला.

"सरक मग तिच्याजवळ," व्हर्न म्हणाले.